एक्केचाळीस केपांचं प्रकरण

‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ, पोलादी नजरेचा, विजेच्या दिव्यासारख्या लख्ख बुद्धीचा, ज्याला पाहताच कुलपंसुद्धा आपण होऊन उघडतात असा एकमेव खाजगी गुप्तहेर. वय एकोणसाठ. चष्म्याचा नंबर अडीच.’

हे वर्णन माझ्या भाऊजींचं आहे. येरझाऱ्या घालत त्यांनी ते सांगितलं आणि मी टिपून घेतलं. चष्म्याचा नंबर तेवढा माझ्या पदरचा.

गुप्तहेर होण्याआधी भाऊजी बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत सव्वीस वर्षं होते. तेवढ्या काळात तिथे अकरा हजार वस्तू सापडल्या. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर लाकडी पाय, तोही फक्त डावा. यांतली एकही वस्तू भाऊजींनी शोधली नव्हती. लोकच आणून द्यायचे, लोकच ओळख पटवून घेऊन जायचे, आणि भाऊजी मध्ये बसून पावती फाडायचे. पण सव्वीस वर्षं सापडलेल्या वस्तूंच्या सहवासात काढल्यावर माणसाला त्या आपणच शोधल्या असं वाटू लागतं, यात त्यांचा काही दोष नाही. निवृत्तीनंतर आठव्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली. त्याच संध्याकाळी ताईचा मला फोन आला. मी कॉलेजात ग्रंथपाल आणि कॉलेजला सुट्टी. ताई म्हणाली, “तू त्यांच्याबरोबर राहा. शोधण्यात लक्ष घालू नकोस. रस्ता ओलांडताना तेवढं बघ.”

तर असा मी त्यांचा सहायक झालो.

मंगळवारी दुपारी एका प्रकाशकानं आम्हाला बोलावलं. चष्म्याच्या दुकानावर दोन जिने चढून त्यांचं ऑफिस होतं. पुढच्या खोलीत प्रकाशक, मागच्या खोलीत एक तिरकं टेबल, एक स्कॅनर आणि चित्रांची पानं आडवी ठेवायचं सपाट कप्प्यांचं कपाट. प्रकाशक खुर्चीच्या अगदी कडेला बसत, जणू खुर्ची दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली आहे.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. नभोवीर हा त्यांच्या चित्रकथांचा जुना नायक. मुखवटा, छातीवर वीज, पाठीवर केप, आणि धंदा आकाशातून उडत जाऊन लोकांना वाचवण्याचा. पण वीस वर्षं उंच इमारतींवरून माणसं झेलून झेलून तो जरा शिळा झाला होता. तेव्हा एका चित्रकारबाईंना कल्पना सुचली, की या महानायकांना उचलून चारशे वर्षं मागे नेऊन ठेवायचं. राजधानी, किल्ला, तोफा, दरबार, आणि त्यावर तरंगणारा नभोवीर. सोबतीला चुंबका, जी लोखंड खेचून घेते. आता त्या काळात ज्याच्या त्याच्या हातात लोखंड. त्यामुळे पहिल्याच लढाईत दोन्ही सैन्यांच्या तलवारी तिला येऊन चिकटतात, आणि पुढची चार पानं सैनिक रांग लावून आपापली तलवार परत मागत असतात.

चित्रकारबाईंनी त्याआधी अकरा वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी पचनसंस्था काढली होती. जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं, खाली कुणाचं नाव नाही. हे त्यांचं स्वतःचं पहिलं पुस्तक. चार वर्षं खपून त्यांनी शहाण्णव पानं काढली, त्यांच्यावर शाई चढवली, ऑफिसात आणून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी घरी स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला. तेव्हापासून त्या घरीच. इथे पानांवरचे डाग वगैरे पुसायचं काम चालू होतं, म्हणून रोज संध्याकाळी पानं नव्यानं स्कॅन होऊन त्यांना पाठवली जात. त्या ती कॉम्प्युटरवर बघत.

आणि रोज नभोवीराच्या अंगावरचं काहीतरी गेलेलं असे.

आधी मुखवटा गेला. मग अंगरख्याची बटणं. मग बुटांच्या टाचा. आणि काल संध्याकाळी केप, तीही एकदोन पानांवरची नाही, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पानांवरची.

“बाईंचा फोन आला होता,” प्रकाशक म्हणाले. “म्हणाल्या, आज केप गेली, उद्या चड्डी जाईल.”

शुक्रवारी चार वाजता पानं छापखान्यात जायची होती. तोवर हा प्रकार थांबला नाही, तर आपण सही करणार नाही, पुस्तक मागे घेऊ आणि पुन्हा पचनसंस्था काढू, असं बाईंनी बजावलं होतं. प्रकाशकांना धास्ती होती ती याचीच. पाठ्यपुस्तकवाले बाईंना परत न्यायला टपलेलेच होते म्हणे. आतड्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

भाऊजींनी डोळे मिटले. हे ते विचार करताना करतात, आणि जेवणानंतरही करतात. मग त्यांनी पहिला हुकूम सोडला. तपासासाठी मूळ पानांना कुणी हात लावायचा नाही, बोटांचे ठसे पुसले जातात. तपास फक्त स्कॅनवरून काढलेल्या प्रतींवर होईल. या प्रती त्यांनी जमिनीवर पसरल्या आणि भिंग घेऊन त्यांच्यावर दीड तास रांगले.

“चोराचा क्रम बघ,” उठताना कमरेला हात लावत ते मला म्हणाले. “मुखवटा, बटणं, टाचा, केप. तो एकेक नग जमवतोय. पोशाख पुरा झाला की अंगावर चढवेल आणि उडेल.”

मी म्हटलं, भाऊजी, चित्रातली केप अंगावर कशी चढणार. ते म्हणाले, तो प्रश्न चोराचा आहे, आपला नाही. मग उडता इसम दिसतो का हे बघायला त्यांनी मला गच्चीवर पाठवलं. मी भर उन्हात दोन तास आकाश बघितलं. कबुतरं दिसली. ती मी प्रामाणिकपणे नोंदवली आणि भाऊजींनी ती ‘सहआरोपी?’ या सदरात टाकली.

बुधवारी सकाळी जबान्या झाल्या. मागच्या खोलीत सकाळी दोघंच असत, आणि प्रकाशक यायच्या आत आपापली कामं उरकून दोघंही निघून जात. एक म्हणजे पानांवरचे डाग आणि चुकलेल्या रेघा पांढऱ्या रंगानं झाकणाऱ्या बाई. या रंगाला तिथे सफेदा म्हणत आणि बाईंना सफेदाताई. दुसरे एक ऐंशीच्या घरातले म्हातारे गृहस्थ, जे पंख्याखाली वाचत बसलेले असत. हे प्रकाशकांचे शाळेतले इतिहासाचे सर. पुढे तीस वर्षं त्यांनी इतिहासाची पाठ्यपुस्तकं तपासली होती. घरी करमत नाही म्हणून ते रोज येत, आणि आता ऑफिसात त्यांची गणना पंख्यातच होत असे.

सफेदाताईंच्या दहाही बोटांना पांढरा रंग लागला होता. भाऊजींनी त्यांना बसवलं आणि विचारलं, केप तुम्ही चोरलीत का. त्या म्हणाल्या, नाही हो, चोरीन कशाला. कपाट कुणी फोडलं का? नाही. कुणी अनोळखी आलं होतं का? तुम्हीच आलात, त्या म्हणाल्या. मग त्या जरा पुढे सरकून म्हणाल्या, “अहो, ती केप ना, ती तर मी—” पण भाऊजींनी हात वर केला आणि विचारल्याशिवाय साक्षीदारानं बोलू नये, असं त्यांना शांतपणे समजावलं. बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, त्यांच्या हाताला रंग आहे. भाऊजी कीव येऊन माझ्याकडे बघत राहिले.

“ज्याच्या हाताला रंग असतो तो कधीच गुन्हेगार नसतो,” ते म्हणाले. “फार उघड होतं ते.”

आणि त्यांनी सफेदाताईंच्या नावावर काट मारली.

सरांची जबानी छोटी झाली. तुम्हाला इथे काही संशयास्पद दिसलं का, असं भाऊजींनी विचारताच सरांचा चेहरा खुलला. पुष्कळ, ते म्हणाले. पान चौतीसवर कंदील आहे, त्याला काच आहे, ती काच आली कुठून? पान पन्नासवर पहारेकरी जांभई देतोय, ते ठीक आहे, पण त्याच्यामागे घड्याळ आहे. भाऊजींनी वहीत लिहिलं, ‘कंदील. घड्याळ. म्हातारा निरुपद्रवी, जरा भरकटतो.’

त्या संध्याकाळी नभोवीराचा पट्टा गेला. आता चड्डीचा नंबर लागणार हे भाऊजींनाही कळून चुकलं.

गुरुवारी त्यांनी नवा सिद्धांत मांडला. चोर प्रकाशकच, शाई वाचवतोय. त्यासाठी शाईची बाटली फूटपट्टीनं मोजली, पण आदल्या दिवशी ती मोजायची राहिल्यामुळे सिद्धांत मागे घ्यावा लागला. दुपारी आणखी एक आला. तो इतका नामी होता की भाऊजी मला ओढतच चित्रकारबाईंच्या घरी घेऊन गेले.

बाई दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, केसांत पेन्सिल खोचलेली, समोर कॉम्प्युटरवर पट्टा नसलेला नभोवीर. त्यांच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आम्हाला निरखत होत्या. भाऊजींनी नमस्कार केला, खिशातून पेन काढलं आणि बाईंच्या प्लास्टरवर तीनदा टकटक केलं.

“पोकळ वाटतंय,” ते मला म्हणाले.

सिद्धांत असा, की पाय मोडलेलाच नाही. बाई रोज सकाळी चोरून ऑफिसात जातात आणि स्वतःचीच चित्रं पुसतात, कारण चार वर्षांनंतर पुस्तक संपलं हे त्यांना सोसत नाही. हे भाऊजींनी त्यांना सविस्तर सांगितलं, उदाहरणं देऊन. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या काहीतरी फेकून मारतील. हाताशी शाईची दौत होती. पण त्या बसल्या जागी खचल्या.

“अकरा वर्षं आतडी काढली,” त्या म्हणाल्या, “एकदासुद्धा कुणी चोरली नाहीत. एकच माणूस माझ्या मनातला काढला, तर त्याला नागडा करून सोडतायत. आणि तपासाला तुम्ही.”

मग त्यांनी कागद मागितला. मी पुस्तक मागे घेत आहे, इतकंच त्यावर लिहिलं, घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिली. सकाळी नेऊन द्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर भाऊजींना रस्ता मीच ओलांडून दिला.

शुक्रवारी सकाळी दहाला सासूबाई ऑफिसात हजर. प्रकाशक त्या दिवशी घाबरून लवकर आले होते, सफेदाताई ब्रश धूत होत्या आणि सर नेहमीच्या जागी बसले होते. सासूबाईंनी चिठ्ठी हातातच ठेवली. म्हणाल्या, देते, पण आधी ती पानं दाखवा. त्यांच्यापायी चार वर्षं घरात एक उंच आवाज काढायची सोय नव्हती, निदान बघू तरी द्या काय आहे ते.

भाऊजी ठशांबद्दल काही म्हणणार होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भाऊजींनी स्वतः कप्पा ओढून दिला.

सासूबाईंनी पहिलं पान उजेडात धरलं आणि म्हणाल्या, चित्र छान आहे, पण हे बाजूला लिहिलंय कुणी एवढं?

आम्ही सगळे वाकलो. मला आधी काही दिसलं नाही, मग समासात अगदी फिकट निळ्या पेन्सिलीत, मुंग्यांसारखं बारीक अक्षर दिसू लागलं.

“मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला निळं फार दिसतं,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या पलंगावरची चादर पांढरी नाही, निळी आहे, हे मला अकरा वर्षांनी कळलं.” आणि त्या ठणठणीत आवाजात वाचू लागल्या. “मुखवटा कानामागे कशाने बसला? रबर नव्हते. काढावा. बटणे या मुलखात अजून शंभर वर्षे यायची आहेत. काढावीत. केप खांद्यांना कशाने अडकवली? सेफ्टी पिन नव्हती. काढावी.”

सगळ्यांच्या माना पंख्याकडे वळल्या.

सर उठून उभे राहिले. प्रकाशकांनीच मला नजर टाकायला सांगितलं होतं, ते म्हणाले, जुन्या काळाबद्दल काही चुकलं असेल तर. प्रकाशकांना तेव्हा आठवलं. दोन महिन्यांपूर्वी ते असं म्हणाले होते खरे, पण ते सरांना बरं वाटावं म्हणून. सरांनी मात्र शहाण्णव पानं सात वेळा वाचली होती आणि तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे निळ्या पेन्सिलीनं सूचना लिहिल्या होत्या. छपाईच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. फिकट निळं ना कॅमेरा टिपतो, ना स्कॅनर, त्यामुळे पानावर काहीही लिहा, छापताना कोरंच. सरांनी लिहायचं, सफेदाताईंनी वाचून पुसायचं, आणि चित्रकारबाईंना घरी नुसतं पुसलेलं दिसायचं, का पुसलं ते कधीच नाही.

“मी सांगत होते बुधवारी,” सफेदाताई म्हणाल्या. “म्हटलं, बाईंचीच सूचना असेल.”

“मला संशय होताच,” भाऊजी म्हणाले. कुणी मान वर केली नाही.

सासूबाईंनी फोन लावला. अर्ध्या तासात चित्रकारबाई टॅक्सीनं आल्या. दोन जिने भाऊजींनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. वाटभर त्या सरांना काय काय सुनवायचं याची मनाशी उजळणी करत होत्या, काही शब्द आम्हाला ऐकूही आले. पण त्या आत येताच सर त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तीस वर्षांत माझ्या सूचनेवर कुणाचं उत्तर आलं नाही, ते म्हणाले. तुम्ही मात्र जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी केलंत, एका शब्दानं वाद घातला नाहीत. इतका नम्र कलावंत मी पाहिला नाही.

बाईंची उजळणी वाया गेली. मग त्यांनी सगळ्यांच्याच मनातला प्रश्न विचारला. बटण चालत नाही, टाच चालत नाही, आणि माणूस उडतो, त्याचं काय?

“उडण्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही,” सर म्हणाले. “सेफ्टी पिनेविरुद्ध आहे.” आणि त्यांनी अगदी कळकळीनं विचारलं, “पण ती केप अडकते तरी कशानं?”

हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. महानायकांच्या केपा खांद्यांवर असतात, इतकंच जगाला ठाऊक आहे. मग त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, तो स्टुलावरून पडण्याचा प्रकार असा झाला, की शेवटच्या पानावर केप बरोबर फुगली आहे ना, ते मला बघायचं होतं. म्हणून चादर घेऊन उडी मारली.

“चादर कशानं अडकवली होतीत?”

“गळ्याशी गाठ मारली होती.”

सरांनी क्षणभर विचार केला. “गाठ होती,” ते म्हणाले. “गाठ फार जुनी आहे.”

अकरा वाजता बाईंनी ब्रश हातात घेतला. मुखवट्याला मागे दोरी, अंगरख्याला बंद, कमरेला टोक खोचलेलं कापड आणि गळ्याशी गाठ मारलेली केप. सफेदाताई पानं पुढे सरकवत होत्या, सर प्रत्येक गाठ तपासत होते, प्रकाशक पुठ्ठ्यानं वारा घालून शाई वाळवत होते. केपा मोजायचं काम भाऊजींकडे दिलं होतं. त्यांची मोजणी एकदा अडतीस आली, एकदा त्रेचाळीस. सासूबाई म्हणाल्या, इतक्या गाठी मारायच्या तर हा माणूस कुणाला वेळेवर वाचवणार कसा. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पान चौतीसच्या एका चौकटीत शत्रू दाराशी येऊन ताटकळलेला आणि नभोवीर मागे हात नेऊन दोरीशी झटापट करतोय, असं काढून टाकलं. कंदिलाची काचही पुसली. शत्रूला अंधारात थांबावं लागलं.

चाराला दहा मिनिटं कमी असताना चाळीस केपा परत आल्या होत्या. छापखान्याचा माणूस जिन्यात येऊन खोकला. उरलं होतं शेवटचं पान. खाली राजधानी, छपरांवर उभी माणसं वर बघतायत, आणि वर नभोवीर. नुसता साध्या अंगरख्यातला एक माणूस, हात पुढे केलेले, केस मागे गेलेले, पाठ मोकळी.

बाईंनी ब्रश शाईत बुडवला. पानावर आणला. आणि थांबल्या.

“एक राहिली,” भाऊजी म्हणाले. ही मोजणी बरोबर होती.

“राहू दे.”

“इथे गाठ चालेल,” सर म्हणाले. “माझी हरकत नाही.”

“तो घाईत निघालाय,” बाई म्हणाल्या. “गाठ मारायला थांबला असता, तर खालची माणसं अशी बघत बसली नसती.”

सरांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. चष्मा कपाळावर चढवून ते पानावर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले, आधी छपरांवरच्या माणसांकडे, मग वरच्या एका माणसाकडे. मग त्यांनी पेन्सिल परत खिशात ठेवली.

बाईंनी खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. पचनसंस्थेखाली सही करायची पद्धत नसते, त्यामुळे हात बसलेला नव्हता. ती जरा मोठी आली, आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. सफेदाताईंनी सवयीनं ब्रश उचलला. सर म्हणाले, असू द्या.